व्हर्लिनचा डावा हात

आमचा व्हर्लिन गाईला धडकला तर गाईची माफी मागेल, मग गाईच्या मालकाची मागेल, आणि घरी जाऊन विचार करत बसेल की गाईला नीट ऐकू गेलं असेल ना. माझा धाकटा भाऊ आहे म्हणून नाही सांगत, माणूस सोन्यासारखा. पण त्याच्या त्या चांगुलपणाचा मला कधीकधी असा संताप येतो की हातातलं फडकं फेकून मारावं. एकदा मारलंयही. तर त्यानं ते धुऊन, वाळवून, घडी करून परत आणून दिलं.

जन्मभर त्यानं दुधाचा टँकर चालवला. पहाटे उठायचं, आमच्या या डोंगरातल्या गोठ्यागोठ्यांवरून दूध भरायचं आणि चीजच्या कारखान्यात नेऊन रिकामं करायचं. विस्कॉन्सिनच्या या पश्चिम टोकाला सरळ रस्ता म्हणून नाही, सगळी वळणंच. त्या वळणांवरून त्यानं टँकरला कधी ओरखडा येऊ दिला नाही. लग्नाचं मनावर घेतलं नाही. माझा बार आहे ना, त्याच्या बरोब्बर समोर त्याचं घर, त्यामुळे त्याच्या खिडकीतला दिवा कधी लागतो आणि कधी विझतो हे मला न बघताही कळतं.

आमचा तिसरा गेलन. सगळ्यांत धाकटा, सगळ्यांत तोंडाळ. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नाही, तिथे बनावट पाय आहे. तो पाय का गेला हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण पुढचं कळायला हवं म्हणून सांगते.

अठरा-वीस वर्षांमागची गोष्ट. तेव्हा दोघे भाऊ आणि त्यांचे दहाबारा दोस्त दर ऑक्टोबरात, झाडं लाल-पिवळी झाली की, त्या मोठ्या मोटरसायकली काढायचे आणि दिवसभर डोंगरातून भटकायचे. मोठ्या म्हणजे कशा, तर आरामखुर्चीला इंजिन लावल्यासारख्या. पुढे नेहमी व्हर्लिन, कारण रस्ते त्याला पाठ. त्याच्या मागे गेलन, मग बाकीचे. पुढच्यानं रस्त्यावर नजर ठेवायची, डावीकडे काही सांडलेलं दिसलं तर डावा हात खाली करून बोटानं दाखवायचं, उजवीकडे असेल तर उजवा पाय बाहेर काढून. मागच्यानं बघून त्याच्या मागच्याला दाखवायचं. असं शेवटच्या गाडीपर्यंत जातं. आणि समोरून कुणी दुसरा मोटरसायकलवाला आला तर त्यालाही डावा हात खाली करून दोन बोटं दाखवायची, म्हणजे रामराम. ओळख असो नसो. न करणारा उद्धट ठरतो, त्याच्याबद्दल संध्याकाळी माझ्या बारमध्ये बोललं जातं.

तर त्या ऑक्टोबरात डबल-डीच्या एका वळणावर (आमच्याकडे रस्त्यांना अशी अक्षरांचीच नावं) मक्याचे दाणे सांडलेले होते. सुगीच्या दिवसांत गाड्याच्या गाड्या भरून मका जातो, सांडायचाच. फरशीवर वाटाणे सांडले आणि त्यावर पाय पडला तर काय होतं, ते दोन चाकांचं झालं. व्हर्लिन निघून गेला आणि मागचा गेलन आडवा झाला. गाडी त्याच्या पायावर आणि दोन्ही मिळून कुंपणाच्या खांबावर.

व्हर्लिननं त्याच महिन्यात आपली गाडी विकून टाकली. आणि मग हिवाळा आला तसं त्याचं ते सुरू झालं.

बर्फ पडला की उजाडायच्या आत व्हर्लिन फावडं घेऊन गेलनच्या दारात. आधी गेलनच्या दारापुढचा उतार साफ, मग येऊन स्वतःचा. उन्हाळ्यात त्याचं गवत कापणं, पागोळ्यांची पन्हळं साफ करणं, लाकडं फोडून रचणं. त्या पहिल्याच हिवाळ्यात गेलनची बायको डोरीन त्याला सोडून गेली, तर हा त्याचे पडदेसुद्धा धुऊन आणायला लागला. गेलन वैतागायचा.

"अरे, एक पाय गेलाय माझा, दोन्ही हात नाही गेले!"

"असू दे रे, असू दे. इकडूनच चाललो होतो."

इकडून कुठे चालला होतास बाबा? गेलनचं घर वर डोंगरावर, त्याच्यापुढे रस्ताच संपतो.

आम्ही सगळे म्हणायचो, भाऊ असावा तर असा. पास्टरसाहेबांनी एकदा प्रवचनात त्याचं उदाहरण दिलं, तर हा लालबुंद होऊन मधूनच उठून गेला. लोक म्हणाले, किती विनयशील! खाई त्याला खवखवे, हे कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. माझ्याही नाही आलं.

यंदाच्या एप्रिलातली गोष्ट. शुक्रवार होता, म्हणजे माझ्याकडे तळलेल्या माशाचा दिवस, अख्खं गाव टेबलांना चिकटलेलं. बाहेर घरघर झाली, खिडक्या थरथरल्या. बघते तर गेलन. खाली नवीकोरी तीनचाकी मोटरसायकल, मागे दोन चाकं, गियर हातानं बदलायचे. काठी टेकत आत आला आणि व्हर्लिनच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"ऑक्टोबरात डबल-डीनं जायचंय. पुढे तू, मागे मी. पूर्वीसारखं."

व्हर्लिनच्या काट्यावरचा मासा तिथेच राहिला. "माझ्याकडे गाडी कुठे आहे?"

"घे."

"वय झालं रे माझं."

"तुझ्या एकट्याचंच झालं? मी काय पाळण्यात आहे? हे बघ, तू आलास तर तुझ्यामागून जाईन. नाही आलास तर एकटा जाईन. मला ते वळण एकदा नीट पार करायचंय, बस्स."

गेलननं त्याच्या ताटातला बटाटा उचलून तोंडात टाकला. व्हर्लिन त्याच्या त्या बनावट पायाकडे बघत होता. मग म्हणाला, "बरं." एवढंच. गेलनला नाही म्हणायला त्याला कधी जमलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटाटे सोलत होते तर मागच्या दारानं आला. बसला. एक बटाटा घेतला, सोलला, दुसरा घेतला. मी म्हटलं, "बोल आता. बटाटे संपतील."

"आर्डिस, मला दाणे दिसले होते."

मला आधी समजलंच नाही कुठले दाणे.

"समोरून एकजण येत होता. मी त्याला हात केला. हात खालीच होता, आणि दाणे दिसले. नुसतं बोट वळवायचं होतं गं. एवढंच. पण मी हात आत घेतला आणि हँडल धरलं. मला माझी पडली होती. गेलन मागे आहे हे डोक्यातच आलं नाही."

 इतकी वर्षं हा माणूस मूग गिळून बसला होता आणि वर गेलनचे पडदे धूत होता! राग आला, आणि रडूही आलं.

"सांग त्याला," मी म्हटलं.

"सांगितलं आणि त्यानं दार लावून घेतलं तर? मला आहे कोण दुसरं?"

"मी आहे ना, मेल्या!"

"तू आहेस गं. पण तू ओरडतेस."

हे मात्र खरं होतं. पण मी त्याला बजावलं, "माणूस तुझ्यामागून गाडी चालवणार, तुझ्या हातावर भरवसा ठेवून. हे सांगितल्याशिवाय त्याला मागे घेऊन गेलास तर तुझ्यासारखा पापी नाही." बोलून गेले, आणि त्याचं तोंड बघून जीभ चावली. पण सोडलेला शब्द काय परत येतो? त्यानं मान हलवली. ऑक्टोबराच्या आत सांगतो म्हणाला.

गाडी त्यानं शेजारच्या गावातल्या एका विधवेकडून घेतली. तिच्या नवऱ्याची, नीट ठेवलेली, काळी, चारशे किलोचं धूड. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. पाहिली आणि मी विचारलं, "जरा लहान नाही मिळाली?" तर म्हणतो, लहान गाडीच्या मागे गेलनला बरं दिसणार नाही.

पहिल्या दिवशी तिच्यावर बसून तो आला तो माझ्याच अंगणात, आणि तोही शुक्रवारी. लोक ब्रँडीचे ग्लास घेऊन बाहेर आले. व्हर्लिननं थाटात वळण घ्यायला हँडल पूर्ण वळवलं आणि त्याच दमात पुढचा ब्रेक दाबला. वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक दाबायचा नसतो, हे वीस वर्षांपूर्वी त्याला झोपेत विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. गाडी सावकाश, अगदी सावकाश आडवी झाली, आणि हा तिच्या बाजूला उभा. जागच्या जागी! कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"व्हर्लिन, दूध सांडलं का रे?" एकजण ओरडला.

गेलन हसला नाही. खुर्चीवरूनच म्हणाला, "पाठ लाव तिला. पाठ लाव, विसरलास? बसल्यासारखा हो आणि मागे चालत जा." व्हर्लिननं गाडीकडे पाठ केली, कमरेखाली सीटची कड घेतली, एक हात हँडलला, एक चौकटीला, आणि पावलापावलानं मागे रेटत ते धूड उभं केलं. घामानं डबडबला होता. सगळ्यांत आधी त्यानं काय केलं असेल? माझी माफी मागितली. अंगणातली खडी विस्कटली म्हणून!

मग उन्हाळाभर रोज संध्याकाळी चर्चच्या मोकळ्या आवारात त्याचा सराव. जमिनीवर जुने दुधाचे डबे मांडून त्यांच्यामधून आठचे आकडे काढायचे. गेलन खुर्ची टाकून बसायचा आणि हुकूम सोडायचा. "डब्याकडे बघू नकोस! बघशील तिकडेच जाशील! मान वर! क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका... अरे, गाय आहे का ती, पाठीवर थोपटतोयस काय?" डबे उडायचे, गेलन शिव्या द्यायचा, व्हर्लिन उतरून डबे पुन्हा मांडायचा. गावात काही लोकांनी म्हातारचळ म्हटलं. म्हणोत. मला मात्र काळजी वेगळीच होती. रोज मी विचारायचे, "सांगितलंस?" आणि रोज तो म्हणायचा, "आज तो खुशीत होता गं. उद्या सांगतो."

ऑगस्टात एकदा तो एकटाच लांब जाऊन आला. नदीपर्यंत, आणि नदीच्या कडेकडेनं पार पुलापर्यंत. आला तेव्हा तोंड उन्हानं भाजलेलं, केस उभे, आणि डोळ्यांत जे काही होतं ते मी त्याच्या तरुणपणानंतर पाहिलं नव्हतं. बारच्या टेबलावर हात ठेवून उभा राहिला. कुणी ऐकत नाही ना, हे बघितलं.

"आर्डिस, मला मजा आली."

चोरी कबूल करावी तसं म्हणाला. आणि लगेच, "इतकी यायला नको होती."

"का? सरकारनं बंदी घातलीय?"

"तो पाय घालवून बसलाय आणि मी मजा मारतोय."

त्याच संध्याकाळी गेलनकडे जाऊन त्यानं अख्ख्या घराला रंग द्यायला घेतला. गेलननं मला फोन केला. "याला काय झालंय? रंग चांगला आहे माझ्या घराचा!" मी म्हटलं, "त्यालाच विचार."  गेलन म्हणाला, "देऊ दे रंग. बोलत बसतो तेवढाच." मला तेव्हा ते काही विशेष वाटलं नाही.

ऑक्टोबर आला. जुन्या दोस्तांपैकी कुणी उरलं नव्हतं, कुणाचे गुडघे गेले, कुणी स्वतःच गेले. गेलन म्हणाला, "आर्डिस, तू चल. माझ्या मागच्या सीटला पाठ टेकायला आहे." अडुसष्ट वर्षांची बाई मी, पण म्हटलं, यांना एकटं सोडायचं नाही. बार बंद केला, दारावर पाटी लावली, कॉफीचा थर्मास आणि हॅमचे सँडविच घेतले आणि चढले.

निघताना मी व्हर्लिनच्या कानाशी गेले. "सांगितलंस?"

तो हातमोजे घालत राहिला. एकच मोजा दोनदा घातला.

"मेल्या!" मी म्हटलं.

"काय झालं?" गेलन मागून ओरडला. "निघायचं की अंगारा लावायचाय?"

काय दिवस होता तो! ऊन होतं, मेपलची झाडं पेटल्यासारखी, थंडी नाकाला झोंबणारी. पुढे व्हर्लिनची रुंद पाठ. काहीही दिसलं की त्याचा हात खाली. वाळू, हात. फांदी, पाय. घोड्याची लीद, हात. एकदा तर रस्त्यावर नुसती ढगाची सावली होती, तरी त्यानं दाखवली. गेलन हसत सुटला. "डोळे तपासून घे म्हणावं त्याला!" मला हसू येत नव्हतं. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हे मला दिसत होतं.

डबल-डीच्या त्या वळणाच्या आधी चढ आहे. चढ संपला आणि समोरून एक मोटरसायकलवाला आला. त्यानं हात खाली केला, दोन बोटं. व्हर्लिननं त्याला हात केला नाही. बघितलंसुद्धा नाही. त्या माणसाचा हात तसाच लोंबकळत आमच्या बाजूनं गेला. आणि वळणात शिरता शिरता व्हर्लिनचा डावा हात खाली गेला, अख्खा हात, खांद्यापासून, आणि बोट रस्त्याकडे. खरंच दाणे होते. फार नाही, ओंजळभर असतील, पिवळेधमक.

गेलननं गाडी अलगद बाजूनं काढली. वळण पार झालं. झालं, मी मनात म्हटलं, देवा, झालं एकदाचं. पण व्हर्लिननं पुढे शेताच्या फाटकाशी गाडी उभी केली. स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं, आणि आमच्याकडे चालत आला. 

"गेलन, त्या दिवशी मला दाणे दिसले होते."

आणि त्यानं सगळं सांगितलं. मला सांगितलं तसंच, शब्दाला शब्द. हात खालीच होता, बोट वळवायचं होतं, मला माझी पडली होती. इतकी वर्षं मनात घोकलेलं असणार. सांगताना तो गेलनच्या तोंडाकडे बघत नव्हता, तीनचाकीच्या टायरकडे बघत होता. मी मागच्या सीटवर थर्मास छातीशी धरून बसले होते.

गेलननं इंजिन बंद केलं. "झालं?"

"झालं."

"मला माहीत होतं."

कुंपणापलीकडे एक गाय होती, तीसुद्धा चघळायची थांबली असं मला वाटलं.

"ती समोरून आलेली गाडी लाल होती," गेलन म्हणाला. "टाकीवर पांढरा पट्टा. मागे निळ्या जाकिटातली बाई बसलेली. मी तिच्याकडे बघत होतो, व्हर्लिन. हात माझाही खालीच होता. एका हातानं वळण घेत होतो, आणि नजर त्या बाईवर. तू दहा बोटं दाखवली असतीस तरी मला दिसली नसती."

व्हर्लिननं वर बघितलं. "मी ते मनात धरून बसलोय, हे तुला केव्हापासून माहीत?"

"पहिल्या हिवाळ्यापासून. माणूस उगाच रोज पहाटे दुसऱ्याचा बर्फ काढायला येत नाही. तुझं तोंडच सांगत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

  आपल्या त्या बनावट पायावरची धूळ गेलन उगाचच झटकत राहिला.

"डोरीन गेली होती. घरात आवाज म्हणून नव्हता. सकाळी तुझं फावडं वाजायचं, तेवढाच. मी जागा होऊन पडून ऐकायचो. तुला सांगितलं असतं तर तू मोकळा झाला असतास. मोकळा माणूस रोज कशाला येतोय? पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. नंतर लाजच वाटायला लागली."

"मी झोपलो नाही रे," व्हर्लिन म्हणाला. आवाज चढवला नाही, पण मला तो आवाज ओळखू आला नाही. "किती वर्षं मी धड झोपलो नाही."

"माहीत आहे."

"तेही माहीत होतं?"

गेलननं मान खाली घातली. व्हर्लिननं हेल्मेट चढवलं, त्या धुडाला स्टँडवरून उचललं आणि गेला. मागे वळून बघितलं नाही. पुढच्या वळणाला हातही खाली केला नाही. आवाज डोंगरात बराच वेळ ऐकू येत राहिला. जन्मात पहिल्यांदा हा माणूस कुणाची माफी न मागता निघून गेला होता.

मी गेलनच्या पाठीत गुद्दा घातला. चांगला जोरात. तो म्हणाला, "अजून एक घाल." मग मात्र माझ्यानं घालवेना.

त्यानंतर व्हर्लिन गेलनकडे गेला नाही. पन्हळांत पानं साचली, लाकडं तशीच पडून राहिली, घराच्या एका भिंतीला अर्धा रंग आणि अर्धी भिंत जुनी. गेलन शुक्रवारी यायचा, कोपऱ्यात बसायचा, व्हर्लिनच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत मासा खायचा. एकदा मला म्हणाला, "मी त्याची झोप खाल्ली, आर्डिस. आणि वर कुरकुर करायचो, येतोस कशाला म्हणून."  खरं होतं ते. मी त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.

आणि व्हर्लिन? तो रोज गाडी घेऊन जायचा. कुणी त्याला नदीकाठी पाहिला, कुणी पार राज्याच्या सरहद्दीवरच्या पुलावर. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला हात करत होता म्हणे. माझ्याकडे कॉफीला यायचा, बोलायचा नाही. एकदाच म्हणाला, "त्यानं बघितलं नसतं हे खरं. पण मी दाखवलं नाही, हेही खरंच आहे ना गं?" मी म्हटलं, "आहे." मला खोटं बोलता येत नाही, आणि त्याच्याशी तर मुळीच नाही. तो म्हणाला, "हं." आणि कॉफी संपवून गेला.

नोव्हेंबराच्या शेवटी पहिला मोठा बर्फ पडला. सकाळी मी बारच्या खिडकीशी पडदा सरकवला आणि बघतच राहिले. समोर व्हर्लिनच्या दारापुढे कुणीतरी बर्फ काढत होतं. वाकडं उभं राहून, काठी काखेत धरून, एका हातानं फावडं रेटत. एक ढकलायचा आणि दोनदा थांबायचा. गेलन! भल्या पहाटे डोंगरावरून मोटार घेऊन उतरला असणार. निम्मा बर्फ परत त्याच जागी पडत होता.

मी कोट चढवायला धावले. हा पडला तर आता उरलेला पायही मोडेल! आणि तेवढ्यात मला व्हर्लिन दिसला. त्याच्या खिडकीत, दिवा न लावता, कप हातात घेऊन उभा. तो बघत होता. नुसता बघत होता. जन्मभर दुसऱ्याचं ओझं उचलायला धावणारा माणूस जागचा हलेना. मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू!

गेलननं दारापर्यंतची वाट कशीबशी पूर्ण केली, तेव्हा कुठे दार उघडलं. व्हर्लिन काही म्हणाला, गेलन काही म्हणाला, आणि दोघे आत गेले. स्वयंपाकघरातला दिवा लागला.

दुपारी व्हर्लिन आला, तेव्हा मी त्याला धारेवरच धरलं. "दिसत होता ना तुला? एका पायावर धडपडत होता तो! लगेच जाऊन थांबवलं का नाहीस? सूड उगवत होतास?"

"नाही गं." त्यानं टोपी काढून त्यावरचा बर्फ माझ्या फरशीवर झटकला, आणि माफी मागितली नाही. "त्याला बरं वाटत होतं, आर्डिस. ते कसं असतं, मला माहीत आहे ना. पूर्ण करू दिलं."

मग म्हणाला, उद्या आपण दोघे वर जाऊ, गेलननं कॉफीला बोलावलंय. दुसऱ्या दिवशी निघताना फावडं मात्र त्यानं घरीच ठेवलं.